ओठ फाटत नाही, जुळायचा राहतो

हातात आरसा घ्या आणि उजेडात उभे राहून आपला वरचा ओठ नीट पहा. नाकाखालून ओठापर्यंत दोन बारीक उभ्या कडा उतरलेल्या दिसतील. त्या दोहोंच्या मध्ये पन्हळीसारखा उथळ खळगा आहे. आता जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवा आणि तेथून सावकाश मागे न्या. दातांच्या लगेच मागे एक लहानसा उंचवटा लागेल आणि त्याच्या मागे, तोंडाच्या छताच्या मधोमध, एक बारीक रेघ जिभेला जाणवेल. जिभेला ती पटकन सापडली नाही तर स्वच्छ धुतलेल्या बोटाने चाचपून पहा.

या कडा आणि ही रेघ आपण जन्मापासून जवळ बाळगतो, पण त्या कशाच्या आहेत हे फारसे कोणी विचारीत नाही. त्या सांध्यांच्या खुणा आहेत! सुताराने दोन फळ्या जोडल्या म्हणजे कितीही सफाईने काम केले तरी सांध्याची रेघ राहतेच, तसाच हा प्रकार. तुमचा, तुमच्या मास्तरांचा, किंबहुना जगातील प्रत्येक माणसाचा चेहरा वेगवेगळे भाग एकमेकांना जुळून तयार झालेला असतो. हे जोडकाम जन्माच्या सुमारे सात महिने आधी, आईच्या पोटात पार पडते.

बहुतेकांच्या बाबतीत ते बिनबोभाट पार पडते. परंतु साधारणपणे दर सातशे बाळांमागे एका बाळाच्या बाबतीत एखादा सांधा जुळायचा राहून जातो. मग बाळ जन्मते तेव्हा त्याच्या वरच्या ओठात फट दिसते, किंवा तोंडाच्या छतात भगदाड दिसते, किंवा दोन्ही. यालाच दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू असे म्हणतात. सातशेत एक हे प्रमाण लहान वाटेल. पण भारतात दरवर्षी सव्वादोन कोटींच्या आसपास बाळे जन्मतात. भागाकार करून पहा. तीस हजारांहून अधिक बाळे होतात!

अशा बाळाच्या घरी काय घडते? बाळाला दूध ओढता येत नाही म्हणून ते रडत असते, आई घाबरलेली असते आणि भोवती जमलेल्या बायका तिला विचारीत असतात, “ग्रहणात काही चिरलंस का गं? विळीला हात लावला होतास का?” बिचारी आई आठवू लागते आणि आठवता आठवता स्वतःलाच दोषी ठरवते. म्हणून हा विषय केवळ शरीरशास्त्राचा नाही. चेहरा कसा घडतो हे ज्याला कळले, तो या प्रश्नाचे उत्तर त्या आईच्या वतीने देऊ शकतो. चला तर, ते उत्तर शोधू या.

पाच उंचवटे

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करू. बाळाच्या डोक्यावर मऊ, धडधडणारी जागा असते तिलाही आपण टाळू म्हणतो आणि तोंडाच्या छतालाही टाळू म्हणतो. या लेखात टाळू म्हणजे तोंडाचे छत. तिचा पुढचा भाग हाडाचा, म्हणून कठीण असतो. मागचा भाग स्नायूंचा, म्हणून मऊ व हलणारा असतो. या मऊ भागाच्या शेवटी पडजीभ लोंबते.

आता गर्भाकडे वळू. गर्भधारणेपासून चार आठवडे झाले म्हणजे गर्भ जेमतेम मुगाच्या दाण्याएवढा, सुमारे ५ मि.मी. लांबीचा असतो. त्याला चेहरा असा नसतोच. जेथे पुढे तोंड होणार तेथे एक खळगा असतो आणि त्याच्याभोवती पाच उंचवटे असतात: वर मधोमध एक, दोन्ही बाजूंना वरच्या जबड्याचा एक एक, आणि खाली खालच्या जबड्याचा एक एक. या उंचवट्यांतील पुष्कळशा पेशी मूळच्या तेथील नव्हेत. ज्या नळीपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू होतो, तिच्या कडेवरून निघून त्या प्रवास करीत चेहऱ्याच्या जागी आलेल्या असतात.

पाचव्या आठवड्यात वरच्या उंचवट्यावर नाकाच्या दोन खाचा पडतात. प्रत्येक खाचेच्या आतल्या व बाहेरच्या बाजूस कडा उंचावतात. त्यानंतर दोन्ही बाजूंचे वरच्या जबड्याचे उंचवटे मध्याकडे वाढू लागतात. ते नाकाच्या आतल्या कडांना गाठतात, त्यांना मध्याकडे ढकलतात आणि त्यांच्याशी जुळतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात हे काम पुरे होते. आरशात पाहिलेला पन्हळीसारखा भाग म्हणजे मध्यावर आलेल्या त्या दोन कडांचा भाग. त्याच्या दोन्ही बाजूंचा ओठ वरच्या जबड्याच्या उंचवट्यांचा. म्हणूनच ओठातील फट बहुधा बरोबर मध्यावर नसते. ती एका बाजूला, त्या उभ्या कडेच्या जागी असते. डाव्या बाजूला ती उजव्या बाजूच्या जवळजवळ दुप्पट आढळते, आणि काही बाळांत दोन्ही बाजूंना असते.

केवळ जवळ येऊन भागत नाही, हे येथे लक्षात ठेवा. पिठी लावून लाटलेल्या दोन पोळ्या एकीवर एक ठेवल्या तर त्या चिकटत नाहीत. मधली पिठी झाडावी लागते. तसेच दोन उंचवटे एकमेकांना टेकले तरी प्रत्येकावर पृष्ठपेशींचा पातळ थर असतो. टेकलेल्या जागी तो थर नाहीसा व्हावा लागतो. मग दोन्हीकडच्या आतल्या पेशी एक होतात आणि सांधा पक्का होतो. थर गेलाच नाही, किंवा उंचवटे एकमेकांपर्यंत पोचलेच नाहीत, तर फट राहते.

आता या लेखाच्या शीर्षकाचा अर्थ तुमच्या ध्यानात आला असेल. हा ओठ फाटलेला नसतो. फाटण्यासाठी तो आधी अखंड असावा लागतो, आणि तो तर अखंड झालेलाच नसतो.

हातांनी करून पहा

टाळूचे काम ओठानंतर सुरू होते आणि ते अधिक मजेदार आहे. त्यासाठी एका मित्राची मदत घ्या.

दोन्ही कोपरे अंगापासून थोडी दूर, खांद्याच्या पातळीत धरा आणि कोपरापासून पुढचे हात सरळ खाली लोंबू द्या. मित्राला आपली मूठ तुमच्या दोन हातांच्या मध्ये धरायला सांगा. तुमचे हात म्हणजे टाळूचे दोन पडदे आणि मित्राची मूठ म्हणजे जीभ. सहाव्या आठवड्यात गर्भाच्या तोंडात हीच स्थिती असते. दोन पडदे जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात.

आता मित्राने मूठ खाली घ्यावी आणि तुम्ही हात वर उचलून छातीसमोर आडवे करावे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांना भिडली ना? सातव्या-आठव्या आठवड्यात असेच होते. खालचा जबडा वाढतो, जीभ खाली उतरते, पडदे झटकन आडवे होतात आणि मध्यावर भेटतात. मग पुढून मागे, एखादी चेन लावत जावी तसा सांधा जुळत जातो. पडजिभेपर्यंत तो दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास पोचतो. जिभेला लागलेली ती रेघ याच सांध्याची.

हाच खेळ पुन्हा खेळा, पण आता मित्राने मूठ खाली घ्यायचीच नाही. हात आडवे होतील का? काही बाळांचा खालचा जबडा फार लहान राहतो, जीभ वरच अडकून बसते आणि टाळू दुभंगलेली राहते, ती याच कारणाने. तिसऱ्यांदा खेळताना मूठ खाली घ्या, पण तुम्ही हात उचलायला उशीर करा आणि तेवढ्या वेळात कोपरे एकमेकांपासून दूर दूर नेत रहा. आता हात आडवे केले तरी बोटे भिडत नाहीत! गर्भाचा चेहरा सतत रुंद होत असतो. पडदे उचलायला थोडा उशीर झाला की मधले अंतर ओलांडता येत नाही. एस.टी. गाठायला आपण पाच मिनिटे उशिरा गेलो तर गाडी काही आपल्यासाठी थांबत नाही, तसेच हे.

मुलींच्या गर्भात हे पडदे मुलांच्या गर्भापेक्षा सुमारे एक आठवडा उशिरा जुळतात. केवळ टाळू दुभंगलेली असण्याचे प्रमाण मुलींत अधिक असते, त्याचे एक कारण हे असावे. उलट, ओठ दुभंगलेला असण्याचे प्रमाण मुलांत मुलींच्या सुमारे दुप्पट असते. ओठ आणि टाळू यांची घडण वेगवेगळ्या वेळी होते, म्हणून कोणाचा फक्त ओठ, कोणाची फक्त टाळू, तर कोणाचे दोन्ही दुभंगलेले असते. डेन्मार्कमधील शल्यविशारद पॉल फोग-अँडरसन यांनी १९४२ मध्ये अनेक कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले की, ओठाचा दोष (टाळूसह किंवा टाळूवाचून) आणि फक्त टाळूचा दोष हे आनुवंशिकतेच्या दृष्टीने दोन निरनिराळे प्रकार आहेत.

ग्रहणाची उलटतपासणी

आता त्या विळीच्या प्रश्नाकडे येऊ. न्यायालयात आरोपीची तपासणी होते तशी ग्रहणाची तपासणी करू.

पहिला मुद्दा वेळेचा. वर सांगितलेले आठवडे गर्भधारणेपासून मोजलेले आहेत. ओठ सातव्या आठवड्याअखेर जुळून जातो. आपल्याला दिवस गेले आहेत हे पुष्कळ स्त्रियांना याच सुमारास नुकते कळू लागलेले असते. घरात ती बातमी पसरून ग्रहण पाळायला सुरुवात होते, तोपर्यंत ओठाचे काम बहुधा आटोपलेले असते. सातव्या महिन्यात भाजी चिरल्यामुळे दुसऱ्या महिन्यात जुळलेला ओठ उकलत नाही.

दुसरा मुद्दा संख्येचा. १६ फेब्रुवारी १९८० रोजी सूर्यग्रहण झाले. कारवारच्या बाजूने भारतात शिरलेल्या एका पट्ट्यात ते खग्रास आणि बाकी देशभर खंडग्रास दिसले. ग्रहण हे कारण असते तर त्यानंतर काही महिन्यांनी अशा बाळांची एकच गर्दी झाली असती आणि ज्या काळात ग्रहण दिसलेच नाही त्या काळात एकही असे बाळ जन्मले नसते. पण अशी बाळे वर्षानुवर्षे, बाराही महिने जन्मत असतात.

तिसरा मुद्दा साक्षीदारांचा. मेक्सिकोतही ग्रहणामुळे ओठ दुभंगतो असा जुना समज आहे. तेथील अ‍ॅझ्टेक लोकांत गर्भवती स्त्रिया ग्रहणाच्या वेळी बाळाच्या रक्षणासाठी काळ्या काचेसारख्या दगडाचे पाते जवळ बाळगीत. आज त्याची जागा सेफ्टी पिनने किंवा किल्लीने घेतली आहे. म्हणजे आपल्याकडे पात्याला हात लावला की बाळ बिघडते आणि तिकडे पाते जवळ ठेवले की बाळ वाचते! दोन साक्षीदार इतके परस्परविरुद्ध बोलू लागले की न्यायाधीश काय करील? आणि कुत्र्याच्या पिलांत व गाईच्या वासरांतही दुभंगलेली टाळू आढळते. त्यांच्या आयांनी कोणती विळी हाती घेतली होती?

ग्रहण निर्दोष सुटले. त्याच्याबरोबर ती आईही सुटली.

उंदरांची साक्ष

मग खरे कारण कोणते? येथे एका सुंदर प्रयोगाची माहिती घेऊ. १९५० नंतरच्या काही वर्षांत कॅनडातील माँट्रियल येथे, मॅकगिल विद्यापीठात, क्लार्क फ्रेझर व त्यांचे सहकारी गाभण उंदरांवर प्रयोग करीत होते. ठराविक दिवशी त्यांनी उंदरांच्या माद्यांना कॉर्टिसोन नावाचे संप्रेरक टोचले. एका जातीच्या माद्यांची जवळजवळ सगळी पिले दुभंगलेल्या टाळूची निघाली. दुसऱ्या जातीला तेच संप्रेरक दिले, तेव्हा पाचांपैकी एखाद्याच पिलाच्या टाळूत दोष निघाला. औषध एक, पण परिणाम वेगळा! पुढे असे दिसून आले की, पहिल्या जातीत टाळूचे पडदे मुळातच उशिरा आडवे होतात. आपल्या हातांच्या खेळात सांगायचे तर, ती जात गाडी सुटता सुटता स्टँडवर पोचणारी. तिला कॉर्टिसोनने आणखी थोडा उशीर करवला आणि गाडी चुकली. दुसरी जात बऱ्याच आधी पोचणारी; तिला थोडा उशीर झाला तरी बहुधा गाडी मिळते.

माणसाच्या बाबतीतही बहुतांशी असेच आहे. एक कारण बोटाने दाखवता येत नाही. अनेक लहान लहान कारणे एकत्र येतात. काही जनुकांतून येतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा दोष असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण शंभरात सुमारे चाळीस ते साठ असते. भिन्न जुळ्यांत ते पाचाच्या आसपास असते. या दोन आकड्यांवरून दोन गोष्टी सिद्ध होतात. जनुकांचा हात आहे, नाहीतर दोन आकडे सारखेच आले असते. पण जनुकेच सर्वस्व नाहीत, नाहीतर पहिला आकडा शंभर आला असता.

उरलेल्या कारणांपैकी काही ठाऊक आहेत. गर्भारपणात धूम्रपान करणे, मद्य घेणे, गर्भधारणेपूर्वीपासून असलेला व आटोक्यात नसलेला मधुमेह, फेफऱ्यावरची काही औषधे यांमुळे धोका वाढतो. (मात्र अशी औषधे कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. मूल हवे असेल तेव्हा आधीच डॉक्टरांना विचारून ती बदलून घ्यावीत.) फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व गर्भवतीला देतात ते मुख्यतः बाळाच्या मज्जारज्जूच्या दोषांपासून रक्षण व्हावे म्हणून, आणि तो उपयोग पक्का सिद्ध झालेला आहे. पुष्कळ वेळा मात्र सर्व काळजी घेऊनही, कोणाचीही काही चूक नसताना, असे बाळ जन्मते. आईवडिलांना हा दोष नसेल आणि एका मुलाला असेल, तर पुढच्या मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात तीन ते पाच इतकीच असते.

दूध का ओढता येत नाही?

शहाळे पिण्याची एक नळी घ्या आणि पेल्यातले पाणी ओढून पहा. आता नळीला मध्यावर, पाण्याच्या पातळीच्या वर, टाचणीने मोठेसे भोक पाडा आणि पुन्हा ओढा. पाणी वर येत नाही; नुसती हवा येते. ओढण्यासाठी तोंडातील हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी व्हावा लागतो. भोकातून हवा आत शिरली की दाब कमी होत नाही.

टाळू दुभंगलेल्या बाळाच्या तोंडाच्या छतालाच असे भोक असते. ते जीव तोडून ओढते, पण नाकातून हवा येते. दमते, उपाशी झोपते, पुन्हा रडते. दूध नाकावाटेही बाहेर येते. अशा बाळांना पहिल्या काही आठवड्यांत खरा धोका असतो तो व्यंगाचा नसून उपासमारीचा. आणि उपाय किती साधा आहे! आईचे दूध काढून ते स्वच्छ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाळाला आडवे न निजवता जवळजवळ बसते धरून, थोडे थोडे पाजावे आणि मधून मधून ढेकर काढावी. अशा बाळांसाठी खास दाबून पाजण्याच्या बाटल्याही मिळतात. फक्त ओठ दुभंगलेला असेल तर पुष्कळ बाळे अंगावर नीट पितात. बाळाचे वजन नियमित वाढते आहे ना, हे मात्र दर आठवड्याला पाहावे.

बाबा आणि मामा

आणखी एक प्रयोग. गार आरसा नाकपुड्यांखाली आडवा धरा. श्वास न सोडता ‘बाबा’ म्हणा, मग ‘मामा’ म्हणा. ‘मामा’ म्हणताना आरशावर वाफ धरते. ‘बाबा’ म्हणताना धरत नाही. दोन्ही शब्दांत ओठ सारखेच मिटतात, मग फरक कशाचा? मऊ टाळूचा! ‘ब’ म्हणताना ती वर उचलली जाते आणि नाकाची वाट बंद करते. ‘म’ म्हणताना ती खाली राहते आणि हवा नाकातून जाते.

आपली वर्णमाला पुन्हा एकदा या दृष्टीने वाचा. क-वर्गापासून प-वर्गापर्यंत प्रत्येक ओळीतील पहिली चार व्यंजने नाकाची वाट बंद करून, आणि शेवटचे अनुनासिक ती उघडी ठेवून उच्चारायचे. ज्याची टाळू दुभंगलेली आहे त्याला ही वाट बंदच करता येत नाही. त्याचा ‘बाबा’ ‘मामा’सारखा ऐकू येतो. लोक म्हणतात, हा गेंगाणा बोलतो. काही जण तर त्याला मंदबुद्धीही समजतात. पण बुद्धीचा येथे काही संबंध नाही. झडप अपुरी आहे इतकेच.

टाळूचे स्नायू आणखी एक काम करतात. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी ते उघडतात. ते नीट काम करीत नसले की कानात पाणी साठते आणि ऐकू कमी येते. म्हणून या मुलांचे कान वेळोवेळी तपासून घ्यावे लागतात. ज्याला नीट ऐकू येत नाही, तो नीट बोलायला कसा शिकेल?

जागेवर आणण्याची कला

दुभंगलेला ओठ शिवण्याची कला जुनी आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत कान व नाक यांच्या संधानाबरोबर ओठाच्या संधानाचाही उल्लेख येतो. चीनमध्ये इ.स. ३९० च्या सुमारास वेई यांगझी नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाचा ओठ एका वैद्याने शिवला. शंभर दिवस पेज पिऊन राहायचे, बोलायचे नाही आणि हसायचे नाही, अशी अट होती. त्याने ती पाळली आणि पुढे तो मोठा प्रांताधिकारी झाला.

टाळूचे काम त्याहून अवघड, कारण ते तोंडाच्या आत. १८१९ मध्ये माँट्रियलचा जॉन स्टीफन्सन हा वैद्यकाचा विद्यार्थी पॅरिसमध्ये शिकत होता. त्याची मऊ टाळू जन्मतः दुभंगलेली होती. फिलिबेर रू या शल्यविशारदाने ती शिवून दाखवली. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. ईथरचा उपयोग १८४६ मध्ये सुरू झाला. स्टीफन्सन शुद्धीवर राहून, तोंड उघडे ठेवून बसला. पुढच्या वर्षी त्याने एडिंबरो येथे आपला पदवी-प्रबंध लिहिला तो याच शस्त्रक्रियेवर. मायदेशी परतल्यावर १८२३ मध्ये माँट्रियल येथे वैद्यकाचे शिक्षण देणारी संस्था उभारणाऱ्यांत तो होता. तीच संस्था पुढे मॅकगिल विद्यापीठाचा वैद्यक विभाग झाली. फ्रेझर यांचे उंदीर ज्या विद्यापीठात होते तेच हे! ज्याला बोलणे कठीण होते, तो तेथे वर्गापुढे उभा राहून व्याख्याने देत होता.

१९५५ मध्ये अमेरिकन शल्यविशारद राल्फ मिलार्ड यांनी स्टॉकहोम येथील परिषदेत ओठ शिवण्याची नवी पद्धत मांडली. ओठाचा एक भाग फिरवून खाली आणायचा आणि दुसरा भाग पुढे सरकवून त्या जागी बसवायचा, असे तिचे सूत्र आहे. आजही ती जगभर वापरतात. तिच्यामागचा विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. ओठाचे बहुतेक भाग तेथे असतातच. ते फक्त आपापल्या जागी पोचलेले नसतात. शल्यविशारद त्यांना तेथे नेऊन पोचवतो. गर्भातले अपुरे जोडकाम तो पुरे करतो.

आजकाल ओठाची शस्त्रक्रिया बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात. त्यासाठी डॉक्टर दहाचा एक सोपा नियम सांगत आले आहेत: बाळ निदान १० आठवड्यांचे, वजन १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो आणि रक्तात दर १०० मि.लि.ला १० ग्रॅम हिमोग्लोबिन. टाळूची शस्त्रक्रिया नवव्या ते अठराव्या महिन्यात, म्हणजे बोलण्याची सवय पक्की होण्याआधी करतात. हिरडीतही फट असेल तर आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा येण्यापूर्वी, तेथे हाड बसवतात. शिवाय दात सरळ करणारे, कान तपासणारे आणि उच्चार शिकवणारे तज्ज्ञ लागतात. म्हणजे हे एका माणसाचे काम नव्हे. उशीर झाला म्हणून निराश होण्याचेही कारण नाही. ओठ मोठेपणीही शिवता येतो. उच्चार सुधारण्यासाठी मात्र टाळू जितकी लवकर मिटेल तितके बरे.

पैशाची अडचण असेल तर? केंद्र सरकारने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथून सुरू केला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि विनामूल्य उपचार यांची त्यात तरतूद आहे आणि दुभंगलेला ओठ व टाळू हे दोष त्याच्या यादीत आहेत. अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आशा कार्यकर्ती यांच्याकडे चौकशी करावी.

तुमचे काम

तुम्ही शस्त्रक्रिया करू शकत नाही. पण गल्लीत असे बाळ जन्मले तर तुम्ही तीन गोष्टी सांगू शकता. दूध वाटी-चमच्याने पाजा. बाळाला लवकर डॉक्टरांना दाखवा. आणि आईला बोल लावू नका. वर्गात गेंगाणे बोलणारा मुलगा असेल, तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबा. बोलण्याचा सराव ऐकणाऱ्यावाचून होत नाही.

आणि कोणी विळीची गोष्ट काढलीच, तर त्यांच्या हाती आरसा द्या. नाकाखालच्या त्या दोन कडा दाखवा आणि म्हणा, “तुमचाही चेहरा तुकड्यांचाच आहे. तुमचे तुकडे वेळेवर जुळले, एवढेच!”

विचार करा

१. ओठातील फट बहुधा मध्यावर न येता बाजूला का येते?

२. ओठ अखंड आणि टाळू दुभंगलेली असे बाळ जन्मले. त्याच्या गर्भावस्थेत अडचण साधारण कोणत्या आठवड्यात आली असेल?

३. पाटीवर ‘पपई’, ‘नाना’, ‘काका’, ‘मनी’, ‘टोपी’ हे शब्द लिहा. कोणते शब्द म्हणताना आरशावर वाफ धरेल ते आधी ठरवा आणि मग करून पहा.

४. फ्रेझर यांनी एकाच जातीचे उंदीर वापरले असते, तर कोणती गोष्ट त्यांच्या लक्षात आली नसती?